साखळीएवढे जग

नगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात, प्रवरा आणि मुळा यांच्या काठाने, घरे गावठाणात कमी आणि शेतात अधिक आहेत. उसाच्या फडाला लागून घर, घरापुढे अंगण, एका अंगाला गोठा आणि गोठ्याच्या कोपऱ्यावरील खांबाला बांधलेला कुत्रा. अकोले, संगमनेर, राहुरी, राहाता, श्रीरामपूर यांपैकी कोणत्याही तालुक्यात गेले तरी वस्तीचे हे चित्र फारसे बदलत नाही. कुत्र्याला दोन वेळ भाकरी मिळते, पाण्याचे घमेले भरलेले असते, डोक्यावर पत्रा असतो. त्याला काही कमी नाही, असे मालक सांगतो आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतो. पण खांबाभोवतीची जमीन पाहावी. साखळीच्या लांबीचे एक गोल रिंगण तिथे उमटलेले असते. त्यात गवताचे पाते उगवत नाही, कारण तो जीव दिवसभर तेवढ्याच वर्तुळात येरझाऱ्या घालत असतो.

शहरात साखळीच्या जागी गॅलरीचे गज येतात, एवढाच फरक. सावेडीसारख्या उपनगरातील एखाद्या सदनिकेत मुलांच्या हट्टाखातर उमद्या जातीचे पिल्लू आणले जाते. चार महिने कौतुक होते. मग शाळा सुरू होते, शिकवण्या सुरू होतात, वडीलधारी मंडळी दुकानात असतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ पिल्लापुढे पाण्याचे भांडे आणि बंद दार. ते चपला कुरतडते, पडदे ओढते, आल्यागेल्यावर भुंकते, स्वतःचेच पंजे चाटून चाटून ओले आणि लाल करते. घरात त्याला खोडकर ठरवले जाते. नंतर कोणी दूरच्या मळ्यावर पाठवून देतो, कोणी मोटारीतून नेऊन गावाबाहेर सोडून येतो. सोडून देताना आपल्या हातून हिंसा घडत आहे, असे त्या कुटुंबाला बहुधा वाटतही नाही.

या खोडीमागे बहुतेक वेळा स्वभावाचा दोष नसतो, कामाचा अभाव असतो. जैन जीवविचारात कुत्रा, गाय, पोपट हे सारे संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे पाच इंद्रियांसह मन असलेले जीव. पाठशाळेतील लहान मुलेही हे वर्गीकरण घडाघडा म्हणून दाखवतात. परंतु मन आहे असे एकदा मान्य केले, की त्या मनाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो, आणि तो घराघरांत क्वचितच विचारला जातो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, आणि अन्नपाणी रोखणे. जीवदयेच्या नावाने समाजात जो पैसा आणि वेळ खर्च होतो, त्याचा बहुतांश भाग या यादीतील शेवटच्या अतिचाराच्या निवारणासाठी जातो. चारा, पाणी, कबुतरांचे दाणे. त्यात वावगे काही नाही. मात्र यादीत पहिल्या क्रमांकावर बंध आहे, आणि अन्न भरपूर दिले म्हणून बंधाचा दोष फिटतो असे कुठेही म्हटलेले नाही.

पूर्वसूरींनी या बंधाचा विचार व्यवहार सोडून केलेला नाही. श्रावकाचारावरील टीकाग्रंथांत बंधाचे सार्थक आणि निरर्थक, आणि सार्थकाचे पुन्हा सापेक्ष आणि निरपेक्ष असे भेद केलेले आढळतात. कारणाशिवाय बांधणे हा निरर्थक बंध. कारण असले तरी घट्ट, निर्दयपणे, त्या जिवाची पर्वा न करता बांधणे हा निरपेक्ष बंध. गाठ सैल असावी, त्या जिवाला हालचाल करता यावी, आणि आगीसारखे संकट आले तर त्याला त्या गाठीतून सुटता यावे, अशा रीतीने बांधणे हा सापेक्ष बंध. गोठ्याला आग लागण्याची चिंता ज्या काळात खरी होती, त्या काळातील ही सूक्ष्म दृष्टी आहे. नगर जिल्ह्यातील आजच्या वस्तीवर आगीची जागा बिबट्याने घेतली आहे.

अकोले तालुक्यातील ऊसशेतीच्या परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष ‘ओरिक्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले आहेत. बिबट्यांच्या विष्ठेच्या परीक्षणातून असे दिसले की त्यांच्या आहारातील ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही आहारात शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता. कारण उघड आहे. शेळी हे धन आहे. ती रात्री कोंडली जाते. कुत्रा राखणदार आहे. तो बाहेर राहतो. आणि जो कुत्रा बाहेर साखळीला बांधलेला असतो, त्याला पळण्याचीही सोय नसते. राखणीसाठी बांधलेला तो जीव प्रत्यक्षात बिबट्यासमोर ठेवलेले भक्ष्य असतो. टीकाकारांच्या भाषेत बोलायचे तर हा निरपेक्ष बंधाचा अगदी ढळढळीत नमुना आहे. काही ठिकाणी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. धनगरांच्या फिरत्या कळपात, जिथे कुत्रे मोकळे आणि एकमेकांच्या सोबतीने असतात, तिथे त्या पट्ट्याला अर्थ आहे; एकट्या, खांबाला जखडलेल्या कुत्र्याला तो कितीसा वाचवणार?

तेव्हा रात्री कुत्र्याला घरात, पडवीत, किंवा वरूनही बंद असलेल्या मजबूत जाळीच्या खोलीत घेणे हेच योग्य. वरून बंद म्हणण्याचे कारण इतकेच की बिबट्या उत्तम चढतो. हा बंध खरा, पण तो त्याच जिवाच्या रक्षणासाठी आहे. प्रश्न उरतो तो दिवसाचा. दिवसा बांधून ठेवण्यामागे पुष्कळदा रक्षण नसते, सोय असते. आणि ज्या घरी तो बंध खरोखरच टाळता येत नाही, रस्ता जवळ आहे, शेजाऱ्यांची लहान मुले आहेत, त्या घरी बांधलेल्या तासांत त्या मनाला खाद्य कोणते द्यायचे, हा विचार अन्नाइतकाच आवश्यक ठरतो.

कायदाही येथे गप्प नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचे ११ वे कलम फटके मारण्यापुरतेच नाही. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा त्यात अपराध आहे, आणि नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडूफिरू न देणे हाही मालकाचा अपराध आहे. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये! त्या रकमेकडे पाहून कोणी साखळी सैल करील असे नाही. म्हणून हा विषय शेवटी घरातल्या माणसांच्याच विवेकावर येऊन थांबतो.

मनाला खाद्य लागते ही केवळ भावुक कल्पना नव्हे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रयोगशाळेतील काही उंदीर घरी नेले. तिथे त्यांच्या मुलींनी ते पाळले, घरभर हिंडवले, खेळवले. पुढे हेच उंदीर प्रयोगशाळेतील चक्रव्यूहात सोडले, तेव्हा पिंजऱ्यात वाढलेल्या आपल्या भावंडांपेक्षा ते अधिक चटकन वाटा शोधू लागले. हे निरीक्षण हेब यांनी १९४७ साली मांडले. एका घरातील मुलींच्या खेळातून एवढी मोठी गोष्ट हाती लागली. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे मार्क रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खेळणी आणि सोबती लाभलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल एकाकी उंदरांपेक्षा अधिक जाड होते. हे मोजण्यासाठी त्या उंदरांना प्राण गमवावे लागले, याची नोंद न करता पुढे जाणे बरे नव्हे. ज्ञान मिळाले ते त्या किमतीला. निदान ते वापरले तरी जावे.

कुत्र्याचे मन किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतल्याच जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी होते. त्यांच्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला त्यांनी तीन वर्षे रोज खेळत खेळत शब्द शिकवले. १०२२ खेळणी ती नावाने ओळखून आणून देत असे. हा वृत्तांत २०११ साली शास्त्रीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक कुत्रा चेसर होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. परंतु साखळीच्या रिंगणात गोल फिरणाऱ्या वस्तीवरच्या कुत्र्याच्या डोक्यात हजार नावे मावण्याजोगी जागा रिकामी पडलेली असू शकते, हे मनात आले की त्या रिंगणाकडे पाहण्याची नजर बदलते.

बाजारात आज मिळणाऱ्या पोकळ रबरी खेळण्याचा जन्मही असाच एका कंटाळलेल्या कुत्र्यामुळे झाला. अमेरिकेतील जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावत बसे. त्याचे दात झिजू लागले होते. एके दिवशी मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करीत असताना त्यांनी गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा बाजूला टाकला, आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्यातून १९७६ साली ‘कॉंग’ हे खेळणे बाजारात आले. आत अन्न भरायचे आणि कुत्र्याने ते चाटून, चावून, लोळवून बाहेर काढायचे, एवढीच युक्ती. पाच मिनिटांत फस्त होणारे अन्न अर्धा तास पुरते, आणि त्या अर्ध्या तासात नाक, जीभ, पंजे आणि डोके या सर्वांना काम मिळते.

असे खेळणे विकतच घ्यावे असे मुळीच नाही. उसाच्या पट्ट्यात तर निसर्गानेच सोय केली आहे. तोडणी झाल्यावर फडात जे पाचट उरते, त्याचा एक भारा अंगणात पसरावा आणि सकाळच्या भाकरीचे बारीक तुकडे त्यात दूरदूर टाकावेत. तीच भाकरी, तेवढीच भाकरी. पण ताटलीत टाकली तर घासभर वेळात संपते, आणि पाचटात टाकली तर कुत्रा नाक खाली घालून कितीतरी वेळ रमतो. कुत्र्याचे जग नाकाने बनलेले असते. हुंगण्याच्या खेळात काही दिवस गुंतवलेल्या पाळीव कुत्र्यांची वृत्ती अधिक आशावादी दिसली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही आढळले आहे. म्हणून फिरायला नेताना दर खांबापाशी दोरी ओढून घाई करणारा मालक कुत्र्याचे पाय तेवढे फिरवतो, मन घरीच बांधलेले राहते.

फ्लॅटमध्ये पाचट नसेल, पण दुकानदाराच्या घरी पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नसतो. खोक्यात खोका, आत कागदाच्या पुड्या, एखाद्या पुडीत चपातीचा तुकडा. जुना टॉवेल गुंडाळून त्याच्या घड्यांत दाणे लपवता येतात. जाड सुताच्या दोराला गाठी मारल्या की ओढाओढीचे खेळणे तयार. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. खेळणे गिळता येईल एवढे लहान नसावे आणि त्याचे सुटे धागे वेळोवेळी कापावेत. कापड खाण्याची सवय असलेल्या कुत्र्याला टॉवेल देऊच नये. दुसरे म्हणजे सगळी खेळणी एकदम पुढे ओतू नयेत. तीन द्यावीत, तीन उचलून ठेवावीत, आठवड्याने अदलाबदल करावी. रोज तेच खेळणे पडून राहिले की त्याचाही खांब होतो.

जैन घरासाठी आणखी एक सावधगिरी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ‘चघळण्याचे हाड’ म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा जनावरांच्या कातडीपासून बनवलेले असते. वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय ते घरात आणू नये. खेळण्यात भरायच्या पदार्थांतही विवेक हवा. कांदा आणि लसूण कुत्र्याला अपायकारक आहेत. ते अनेक जैन स्वयंपाकघरांत मुळातच नसतात. पण द्राक्षे आणि मनुका असतात, चॉकलेट असते, मधुमेहींसाठीची साखरविरहित मिठाई असते. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि साखरविरहित पदार्थांत वापरले जाणारे झायलिटॉल तर थोडेसेही धोक्याचे. शिऱ्यातले बेदाणे कौतुकाने भरवणाऱ्या आजींना हे कोणीतरी हळुवारपणे सांगायला हवे.

मांजराच्या बाबतीत जैन घराची अडचण वेगळी. मांजर उंदीर मारते, चिमणी आणून उंबऱ्यावर ठेवते, आणि घरातील माणसे व्यथित होतात. पण त्यावर रागावण्यात अर्थ नाही. दबा धरणे, झेपावणे, पकडणे हा त्याचा जन्मजात क्रम आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे फार उपयोगी आहे. मालकांनी रोज पाच ते दहा मिनिटे पिसांच्या काठीने किंवा खोट्या उंदराने मांजराशी शिकारीचा खेळ खेळला, तेव्हा मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत सुमारे २५ टक्के घट झाली. म्हणजे काठीला बांधलेल्या चिंधीने खरे जीव वाचले. त्याच अभ्यासात अन्न शोधून काढायला लावणाऱ्या कोड्याच्या भांड्याने मात्र शिकार कमी न होता उलट वाढलेली दिसली. कुत्र्याला जे मानवते ते मांजराला मानवेलच असे नाही. खेळ संपताना मांजराच्या पंजात काहीतरी आले पाहिजे, हेही विसरू नये. भिंतीवर नुसता लाल प्रकाशाचा ठिपका नाचवला तर ते बिचारे हाती न लागणाऱ्या गोष्टीमागे धावून चिडचिडे होते.

पोपटाविषयी थोडक्यातच सांगता येईल. आपल्याकडील देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे. त्या पिंजऱ्यात झोका टांगला, आरसा लावला, घंटा बांधली, तरी तो निरर्थक बंधच राहतो. असा पोपट घरात असेल तर वन विभागाशी संपर्क साधावा. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम गच्चीवरून उडवून देणे हीही दया नव्हे, कारण त्याला ना अन्न शोधता येते, ना घार ओळखता येते.

गाईचा उल्लेख खेळण्यांच्या संदर्भात अनेकांना विचित्र वाटेल. परंतु नगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात, जिथे दावणीला जन्म काढणाऱ्या गाईंची संख्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी मोठी असेल, तिथे हा विषय कुत्र्यापाशी थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१८ साली गाईंपुढे एक वजनदार फाटक ठेवले गेले. ते ढकलले की पलीकडे कधी ताजा चारा, कधी अंग घासण्याचा फिरता ब्रश. वजन वाढवत नेले, तरी गाईंनी ब्रशासाठी जवळजवळ चाऱ्याइतकाच जोर लावला. अंग घासून घेणे ही गाईची चैन नसून गरज आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे गाय कशी सांगणार? जिल्ह्यात मुक्तसंचार गोठे वाढत आहेत. त्यांत गाई मोकळ्या फिरतात, हवे तेव्हा पाणी पितात, एकमेकींना चाटतात. खर्चाचा विचार करून हा बदल झाला, दयेचा विचार करून नव्हे. तरी त्याचे स्वागतच करावे. विजेवरचा ब्रश परवडत नसेल तर काथ्याचा जाड दोर खांबाला घट्ट गुंडाळून ठेवला तरी गाई त्यावर मान घासताना दिसतात. गोशाळेला देणगी देणाऱ्याने चाऱ्याच्या पावतीबरोबर असे दोन खांबही दिले, तर व्यवस्थापक नाही म्हणणार नाहीत.

या साऱ्या चित्रात एक विलक्षण गोष्ट नजरेआड होऊ नये. अकोले, संगमनेर, पारनेर या तालुक्यांच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था मिळून ते चालवतात. जखमी झालेले किंवा पकडलेले आणि परत सोडता न येणारे बिबटे तिथे आयुष्य काढतात. त्यांना मांस वेळेवर मिळते, औषधे मिळतात. पण पिंजऱ्यातील बिबट्याही गजांच्या कडेने तेच ते अंतर कापू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी चढायला मचाणे आणि नखे घासायला ओंडके ठेवावे लागतात. वस्तीवरील कुत्रा बिबट्याच्या भीतीने कोंडला जातो आणि बिबट्या माणसाच्या भीतीने. दोघांच्याही येरझाऱ्या सारख्याच आणि दोघांवरचा उपायही सारखाच.

बिबट्याचे जे करायचे ते केंद्रातील जाणकार करतात. कुत्र्याचे मात्र घरच्यांनाच करावे लागते, आणि त्याला फार वेळ लागत नाही. दोन खांबांमध्ये आडवी तार ताणून तिच्यावर सरकणारी कडी लावली आणि साखळी त्या कडीला अडकवली, की रिंगणाच्या जागी वीस-पंचवीस फुटांची धाव मिळते. सकाळी आणि संध्याकाळी शेताला चक्कर मारताना मालकाने त्याला मोकळे बरोबर न्यावे. पाटाचे पाणी कुठवर आले, रानडुक्कर कुठून शिरले, हे तो मालकाच्या आधी हुंगून घेतो, आणि हेच त्याचे मूळचे काम आहे. अंधार पडण्यापूर्वी त्याला जाळीच्या खोलीत घ्यायचे. तिथे बहुतेक कुत्रे जायला नाखूष असतात, कारण आत गेले की दिवस संपला हे त्यांना कळते. म्हणून रात्रीच्या भाकरीतील अर्धी भाकरी ताटलीत न देता आधीच आतल्या पाचटात, कोपऱ्याकोपऱ्यात लपवून ठेवावी. काही दिवसांत कुत्रा हाकेची वाट न पाहता दिवेलागणीलाच दारापाशी येऊन उभा राहतो.